लांडग्यावर फिर्याद : सोळाव्या-सतराव्या शतकातील युरोपातले वेअरवुल्फ खटले

शेवरी (धागाकर्ती)

आजच्या फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या हद्दीला लागून असलेला फ्रांश-कोंते हा प्रांत सोळाव्या शतकात स्पेनच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या अमलाखाली होता आणि त्याचे वरिष्ठ न्यायालय दोल या गावी भरत असे. परिसरात लहान मुले नाहीशी होत होती, काहींचे अर्धवट खाल्लेले देह रानात सापडत होते. तेव्हा 1573 साली या न्यायालयाने हुकूम काढला की, शिकारीवर एरवी असलेले निर्बंध बाजूला ठेवून गावकऱ्यांनी भाले, बंदुका, दांडकी, जे हाताला येईल ते घेऊन वेअरवुल्फचा, म्हणजे लांडग्याचे रूप घेणाऱ्या माणसाचा, पाठलाग करावा आणि त्याला धरावे किंवा मारावे. पुढे लवकरच झील गार्निए नावाचा, बायकोसह रानाच्या कडेला राहणारा एक कंगाल माणूस पकडला गेला. रानात एका पिशाच्चाने आपल्याला मलम दिले, ते लावले की आपण लांडगा होतो, असे त्याने कबूल केले. 1574 च्या जानेवारीत त्याला जिवंत जाळण्यात आले.

या निवाड्यातील एक तपशील मला फार बोलका वाटतो. गार्निएवर ठेवलेल्या आरोपांपैकी सगळीच कृत्ये लांडग्याच्या रूपात केलेली नव्हती. एका मुलाला त्याने माणसाच्याच रूपात मारले आणि लोक धावून आले नसते तर तो त्याचे मांस खाणार होता, असे निवाड्यात नमूद आहे; आणि त्याला जोडून, तो दिवस शुक्रवार असूनही खाणार होता, असेही नमूद आहे. शुक्रवारी मांस वर्ज्य असते. नरमांसभक्षणाच्या आरोपाला उपास मोडण्याचे कलम जोडणारे हे न्यायाधीश भाबडे नव्हते. ते कायदा शिकलेले, लॅटिन जाणणारे, नोंदी काटेकोर ठेवणारे लोक होते. म्हणूनच हा विषय केवळ 'अडाणी काळातील अंधश्रद्धा' या खात्यात टाकून मोकळे होता येत नाही, असे माझे मत आहे.

त्यातली खरी गोम अशी की, माणसाचा खरोखर लांडगा होतो असे चर्चची अधिकृत शिकवण मुळीच मानत नव्हती. दहाव्या शतकाच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या 'कानोन एपिस्कोपी' या धर्मवचनात, ईश्वराखेरीज दुसरे कोणी एका जीवाचे रूपांतर दुसऱ्या जीवात करू शकते असे मानणारा माणूस श्रद्धाहीन होय, असे म्हटले आहे. त्याआधी पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनीही अशा रूपांतरांना सैतानाने घडवलेला आभास ठरवले होते. फ्रान्समधील झाँ बोदँ यांच्यासारखा मोठा राज्यशास्त्रज्ञ 1580 मध्ये 'रूपांतर खरेच होते' असे ठासून लिहितो, तेव्हा तो आपल्याच परंपरेच्या विरोधात जात असतो आणि चार वर्षांनी इंग्लंडचा रेजिनल्ड स्कॉट त्याची यथेच्छ टर उडवतो.

मग रूपांतर जर आभास, तर माणसे जाळली कशासाठी? याचे उत्तर आंरी बोगे या न्यायाधीशाच्या लेखनात मिळते. फ्रांश-कोंतेतील सँ-क्लोद येथे चेटकाचे खटले चालवणाऱ्या बोगेने 1602 मध्ये त्या अनुभवावर ग्रंथ छापला. माणसाचा आत्मा पशूच्या देहात मावू शकत नाही, हे त्याला मान्य होते. त्याच्या मते सैतान पाहणाऱ्यांची आणि करणाऱ्याची, दोघांचीही दृष्टी भारून टाकतो. कधी तो माणसाला झुडपाआड झोपवून स्वतःच लांडगा होऊन जातो आणि जागा झाल्यावर माणसाला वाटते की हे आपणच केले. तरीही शिक्षा माणसालाच, कारण इच्छा त्याची होती आणि करारही त्यानेच केला होता. लांडगा झाला की नाही हा प्रश्न न्यायालयाच्या लेखी दुय्यम ठरतो. गुन्हा आहे तो सैतानाशी केलेल्या कराराचा.

बोगेच्याच 1598 मधील गांदियाँ कुटुंबाच्या खटल्यात हे तर्कशास्त्र किती घट्ट होते ते दिसते. बन्वा बिदेल नावाचा मुलगा फळे काढायला झाडावर चढला असताना खाली उभ्या असलेल्या त्याच्या बहिणीवर शेपूट नसलेल्या एका लांडग्याने झडप घातली. तिला वाचवायला उतरलेला बन्वा जखमी होऊन दगावला, पण त्या जनावराचे पुढचे पाय माणसाच्या हातांसारखे होते असे मरण्यापूर्वी सांगून गेला. जमावाने पेरनेत गांदियाँ या बाईला तिथल्या तिथे मारले. मग तिच्या घरातल्यांना अटक झाली. बोगे लिहितो की त्याने पिएर आणि जॉर्ज यांना कोठडीत हातापायांवर रांगताना स्वतः पाहिले आणि त्यांच्या अंगावरच्या ओरखड्यांचे तर त्याला फारच आश्चर्य वाटले. आमच्यासमोर लांडगा होऊन दाखवा, असे सांगितल्यावर ते म्हणाले की, आता जवळ मलम उरलेले नाही. रूपांतर झाले असते तरी गुन्हा सिद्ध, न झाले तरी मलमाची कबुली पदरात. दोन्ही वाटा चितेकडेच जाणाऱ्या.

आता याच 1598 सालातला दुसरा खटला पाहा. पश्चिम फ्रान्समधील आँजे शहराच्या परिसरात एका मुलाच्या छिन्नविच्छिन्न देहाजवळ झाक रूले हा भिकारी सापडला. अर्धनग्न, केस-दाढी वाढलेली, हात रक्ताने माखलेले आणि नखांत मांसाचे कण. तुझे हातपाय लांडग्याचे पंजे होतात का, या प्रश्नाला तो हो म्हणाला. डोके लांडग्याचे होते का, असे विचारल्यावर मात्र, तेव्हा डोके कसे होते ते ठाऊक नाही, मी दात वापरले, डोके आज आहे तसेच होते, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. आँजेच्या न्यायालयाने मृत्युदंड दिला. प्रकरण अपिलात पॅरिसच्या पार्लमाँपुढे गेले (हे नाव कायदेमंडळाचे वाटले तरी ते त्या काळचे उच्च न्यायालय होते) आणि तिथल्या न्यायाधीशांनी हा माणूस बुद्धीने अधू आहे असे ठरवून त्याला दोन वर्षांसाठी सँ-जेर्माँ येथील रुग्णालयात धर्मशिक्षणासाठी पाठवले.

तेच साल, तशाच प्रकारची कबुली, आणि निकाल मात्र दोन टोकांचे. वेअरवुल्फवर लोकांचा विश्वास होता की नाही, यापेक्षा खटला कोणत्या पायरीवरच्या न्यायालयात संपला यावर आरोपीचे मरण ठरत होते, असे मला या कागदांवरून वाटते. जाणकारांनी भर घालावी आणि मतभेद असल्यास तेही मांडावेत.

कोर्टकचेरी

धागा आवडला. आपल्या मुद्द्याला कायद्याच्या अंगाने थोडी पुष्टी देतो.

जर्मन साम्राज्यात 1532 पासून सम्राट पाचव्या चार्ल्सची 'कारोलिना' ही फौजदारी संहिता लागू होती. तिच्यानुसार मृत्युदंडासाठी एक तर दोन प्रत्यक्ष साक्षीदार हवेत, नाही तर आरोपीची कबुली हवी. परिस्थितिजन्य पुरावा कितीही भक्कम असला तरी तेवढ्यावर फाशी देता येत नव्हती. मात्र तेवढ्यावर छळ करून कबुली घेता येत होती. आपण ज्याला कायद्याचे संरक्षण म्हणू, त्याच तरतुदीने छळाला न्यायालयाच्या मधोमध आणून बसवले, ही यातली शोकांतिका आहे. सैतानाशी झालेल्या कराराला साक्षीदार कुठून मिळणार? त्यामुळे कबुलीशिवाय मार्गच उरत नसे आणि कबुली काय असावी हे प्रश्नावलीत आधीच लिहिलेले असे.

अपिलाबद्दल एवढेच सांगतो की, पॅरिसच्या पार्लमाँने 1624 मध्ये चेटकाच्या शिक्षेचे प्रत्येक प्रकरण आपल्याकडे अपिलात आलेच पाहिजे असा नियम आपल्या अधिकारक्षेत्रासाठी पक्का केला. तिथले न्यायाधीश देवधर्म मानणारे होते, सैतानाचे अस्तित्वही मानत होते; फक्त खालच्या न्यायाधीशांच्या पुराव्याच्या दर्जावर त्यांचा विश्वास नव्हता. फ्रांश-कोंते त्या काळी फ्रान्सच्या राज्यात नव्हतेच, त्यामुळे गार्निए किंवा गांदियाँ यांना पॅरिसचे दार ठोठावणे शक्यच नव्हते.

काढा_चूर्ण

कायद्याची बाजू मान्य, पण या माणसांना काय झाले होते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. स्वतःला लांडगा समजणे हा उन्मादाचा प्रकार ग्रीक वैद्यांनी फार पूर्वीच नोंदवला होता. सातव्या शतकातील एजिनाचा पॉल हा वैद्य अशा रुग्णांचे फिकट तोंड, कोरडे डोळे, कोरडी जीभ आणि रात्री थडग्यांमधून भटकणे यांचे वर्णन करून उपचारही सांगतो. 1563 मध्ये योहान वायर या वैद्याने चेटकाच्या आरोपींची बाजू घेताना हाच धागा पकडला आणि 1597 मध्ये स्कॉटलंडचा राजा जेम्स, जो चेटकिणींच्या बाबतीत अजिबात मवाळ नव्हता, तोही वेअरवुल्फ म्हणजे काळ्या पित्ताच्या आधिक्याने आलेला भ्रम आहे असे लिहून गेला.

आधुनिक काळात पॉर्फिरिया (रक्ताशी संबंधित एक दुर्मिळ विकार), रेबीज, राईच्या कणसावर येणाऱ्या अर्गट बुरशीची विषबाधा, अंगभर केस येणारा हायपरट्रायकोसिस अशी अनेक निदाने सुचवली गेली आहेत. 1964 मध्ये ली इलिस या डॉक्टरांनी पॉर्फिरियावर लिहिलेला निबंध तर अजूनही उद्धृत होतो. यांपैकी कोणते निदान आपल्याला पटते?

शेवरी

काढा_चूर्ण, प्रश्न रास्त आहे; परंतु शारीरिक आजारांच्या या निदानांकडे मी साशंकतेने पाहते. केसाळ शरीराचेच उदाहरण घ्या. टेनेरिफ बेटावर जन्मलेला पेत्रुस गोन्साल्व्हुस याचे सर्वांग आणि चेहरा केसांनी झाकलेला होता. तो लहानपणी फ्रान्सचा राजा दुसरा आंरी याच्या दरबारात आला, तिथे लॅटिन शिकला, त्याचे लग्न झाले, त्याच्यासारख्याच केसाळ मुलांसह त्याची चित्रे रंगवली गेली आणि युरोपातील राजघराण्यांनी ती हौसेने जमवली. हे सगळे वेअरवुल्फ खटले ऐन भरात असतानाच घडत होते. त्याला कोणी लांडगा म्हणून कोर्टात उभे केले नाही. उलट रूले, गार्निए, गांदियाँ यांच्या नोंदींत कुठेही अंगभर केसांचा असा आजार दिसत नाही. दिसते ते दारिद्र्य, गावाबाहेरचे राहणे आणि शेजाऱ्यांचा जुना संशय.

मनोविकाराची गोष्ट निराळी. तिथे तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि 1603 मधील झाँ ग्रेनिएचा खटला त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. बापाने घराबाहेर काढलेला 13-14 वर्षांचा हा पोरगा बोर्दोच्या परिसरात गुरे-मेंढ्या राखत भटकत असे आणि मेंढ्या चारणाऱ्या मुलींना, मी वेअरवुल्फ आहे, असे सांगून घाबरवत असे. मार्गरीत प्वारिए या त्याच्याच वयाच्या मुलीने साक्ष दिली की तिच्यावर एका जनावराने हल्ला केला, तिने काठीने ते हाकलले, आणि ते तांबूस केसांचे, आखूड शेपटीचे, लांडग्याहून लहान होते. ग्रेनिएने न्यायालयात सांगितले की रानातल्या एका काळ्या पुरुषाने, 'रानाच्या धन्या'ने, त्याला लांडग्याचे कातडे आणि मलम दिले होते, आणि डाव्या हाताच्या अंगठ्याचे नख कधीही चावायचे नाही अशी ताकीद दिली होती. हे नख बाकीच्यांपेक्षा जाड आणि लांब होते. नखाचा हा तपशील कोणत्याही प्रश्नावलीत नव्हता. तो त्या पोराच्या डोक्यातून आलेला आहे.

खालच्या न्यायालयाने त्याला मृत्युदंड दिला. 6 सप्टेंबर 1603 रोजी बोर्दोच्या पार्लमाँने तो रद्द केला. पोराचे वय, त्याची मंद बुद्धी, त्याला कोणी काही शिकवलेच नव्हते ही वस्तुस्थिती, या सगळ्याचा विचार करून त्याला जन्मभर एका मठात ठेवण्याचा आदेश झाला. पिएर द लांक्र नावाचा न्यायाधीश 1610 मध्ये त्याला मठात भेटला. हाच द लांक्र त्या सुमारास बास्क प्रदेशात चेटकिणी शोधून जाळून आलेला होता, म्हणजे करुणेने भेटायला जाणाऱ्यांपैकी नव्हे. त्याने लिहून ठेवले आहे की ग्रेनिएची नखे काळी आणि लांब होती, तो हातापायांवर सहज धावत असे आणि लांडगे पाहायला त्याला फार आवडत असे.

माळरान

या चर्चेत खऱ्या लांडग्याला कोणी विचारतच नाही, म्हणून त्याची बाजू मांडतो.

सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध म्हणजे फ्रान्समध्ये तीन-चार दशके चाललेली धर्मयुद्धे, जर्मनीत कोलोनचे युद्ध, आणि त्यात भर म्हणून कडक हिवाळे आणि नापिकी. ओसाड पडलेली गावे आणि उघड्यावर पडलेली प्रेते यांमुळे लांडगा वस्तीजवळ येतो. शेळ्या-मेंढ्या राखायला लहान मुलांना पाठवण्याची पद्धत होती, त्यामुळे बळीही तीच जात. तेव्हा या सगळ्या खटल्यांमागे प्रत्यक्षात घडलेले हल्ले असावेत, असे मला वाटते. बन्वा बिदेलच्या गोष्टीत मुलगा, बहीण, झाड हे सगळे एका साध्या वन्यप्राण्याच्या हल्ल्याशी जुळते. फक्त 'हातांसारखे पाय' तेवढे वेगळे.

आपल्याकडेही 1996 मध्ये उत्तर प्रदेशच्या पूर्व भागात लांडग्यांनी बरीच लहान मुले नेली तेव्हा, हा लांडगा नसून रूप घेऊन येणारा माणूस आहे, अशी अफवा उठली होती आणि अनोळखी माणसांना मारहाण झाली होती. अफवेचा हा प्रकार कोणत्याही एका खंडाची मक्तेदारी नाही.

कोर्टकचेरी

माळरान यांच्याशी सहमत आहे, परंतु नेमका इथेच फरक करावा लागेल. उत्तर प्रदेशात वनखात्याने शिकारी पाठवले. रूप घेतल्याचा आरोप कोणत्याही न्यायालयाने दाखल करून घेतला नाही. दोलच्या न्यायालयाने मात्र स्वतःच्या शिक्क्याने वेअरवुल्फच्या शिकारीचा हुकूम काढला होता. अफवा गावाची असते, पण तिचा खटला व्हायला सरकार लागते.

तिरकस

मला दोन गोष्टी खटकतात.

पहिली गोष्ट आकड्यांची. 1520 ते 1630 या काळात एकट्या फ्रान्समध्ये 30,000 वेअरवुल्फ खटले झाले, असे वाक्य महाजालावर जिथे तिथे चिकटवलेले दिसते. संपूर्ण युरोपात, तीनेक शतकांत, चेटकाच्या सर्व प्रकारच्या आरोपांखाली मिळून जे मृत्युदंड झाले त्यांचा आजचे अभ्यासक धरत असलेला अंदाजच 40,000 ते 50,000 आहे. वेअरवुल्फचे खटले हा त्यातला अगदी लहानसा कोपरा होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसरी गोष्ट पेटर श्टुम्पची. त्याचे नाव अजून धाग्यात आलेच नाही याचे नवल वाटते, कारण कथाकथनाच्या ध्वनिफितींपासून चित्रफितींपर्यंत सगळीकडे तोच असतो. तो खराच साखळी-खुनी होता असे ठामपणे सांगितले जाते. यावर आपले मत काय?

शेवरी

तिरकस, श्टुम्प मुद्दाम मागे ठेवला होता, कारण त्याच्याबद्दल जितके लिहिले जाते तितके कागद हाताशी नाहीत. कोलोनजवळच्या बेडबुर्ग गावी 31 ऑक्टोबर 1589 रोजी त्याला देहान्त शिक्षा झाली, इतके पक्के. सविस्तर हकीकत मिळते ती 1590 मध्ये लंडनला छापल्या गेलेल्या एका इंग्रजी चोपड्यातून, जे स्वतःला जर्मन मजकुराचे भाषांतर म्हणवते. शिवाय आउग्सबुर्गसारख्या शहरांत छापलेली सचित्र पत्रके आहेत, ज्यांत चाकावर बांधलेला माणूस आणि मागे पळणारा लांडगा एकाच चौकटीत दिसतात. मूळ खटल्याची नोंदवही उपलब्ध नाही.

त्या चोपड्यानुसार श्टुम्पला सैतानाने एक कमरपट्टा दिला होता. तो बांधला की लांडगा आणि सोडला की माणूस. 25 वर्षांत त्याने 14 मुले आणि दोन गरोदर बायका मारल्या, त्यांत त्याचा स्वतःचा मुलगाही होता, असा आरोप होता. छळाच्या यंत्रापुढे आणल्यावर, प्रत्यक्ष छळ होण्याआधीच, त्याने सगळे कबूल केले असे चोपडे सांगते. पट्टा कुठे आहे, असे विचारल्यावर त्याने तो एका दरीत टाकल्याचे सांगितले. माणसे पाठवली गेली आणि पट्टा सापडला नाही. यावरून अधिकाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष असा की सैतानाने तो परत नेला असावा. एकमेव मुद्देमाल न सापडणे हाच पुरावा ठरला. त्याचे मांस तापलेल्या सांडशीने ओढून काढण्यात आले, हातपाय मोडण्यात आले, शिर उडवून धड जाळण्यात आले. त्याची मुलगी आणि त्याच्याशी संबंध असलेली बाई यांनाही त्याच दिवशी जाळण्यात आले. नंतर एका उंच खांबावर चाक, लांडग्याची आकृती आणि श्टुम्पचे शिर लावून त्याखाली लाकडाचे 16 तुकडे टांगण्यात आले, बळींच्या संख्येची खूण म्हणून.

आता पार्श्वभूमी. 1583 ते 1588 या काळात कोलोनच्या आर्चबिशपने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारल्यावरून तिथे युद्ध पेटले होते. बेडबुर्गचा सरदार प्रोटेस्टंटांच्या बाजूचा होता. 1587 मध्ये गाव कॅथलिक बाजूने जिंकले आणि नवा कॅथलिक सरदार आला. श्टुम्पचा खटला त्यानंतर दोन वर्षांनी झाला. तो राजकीय बळी होता असा तर्क काही अभ्यासक करतात. ते शक्य आहे, पण सिद्ध झालेले नाही. तसाच 'साखळी-खुनी' हा शिक्काही सिद्ध झालेला नाही. ज्या कागदात जादूचा पट्टा आणि खून हे एकाच कबुलीत, एकाच स्वरात येतात, त्यातला पट्टा खोटा आणि खून खरे अशी आपल्या सोयीने वाटणी करणे मला पटत नाही.

जुनी_वही

फ्रान्स आणि जर्मनीबद्दल बरेच झाले. पूर्वेकडे, आजच्या लात्विया-एस्टोनियात, म्हणजे तेव्हाच्या लिव्होनियात गेल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. तिथे लांडगारूपाचा लौकिक जुना आहे. ओलाउस माग्नुस या स्वीडिश धर्माधिकाऱ्याने 1555 मध्येच लिहिले आहे की त्या भागातले वेअरवुल्फ नाताळच्या सुमारास जमतात, घरांच्या तळघरांत शिरतात, बिअरची पिंपे रिकामी करतात आणि ती एकावर एक रचून निघून जातात. खऱ्या लांडग्यांहून ते एवढ्याच बाबतीत वेगळे, असे तो सांगतो.

1691 मध्ये, लिव्होनिया स्वीडनच्या अमलाखाली असताना, युर्गेन्सबुर्ग येथे चर्चमधील चोरीचा एक खटला चालू होता. त्यात थीस नावाच्या, वयाची ऐंशी ओलांडलेल्या शेतकऱ्याला साक्षीदार म्हणून बोलावले. तो शपथ घेऊ लागला तेव्हा खानावळीचा मालक हसला. का हसलास, असे विचारल्यावर तो म्हणाला की, हा म्हातारा वेअरवुल्फ आहे हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, त्याची शपथ काय कामाची? थीसने ते नाकारले नाही. आपण पूर्वी वेअरवुल्फ होतो, हे आधीही एका न्यायालयात सांगून झाले आहे आणि तेव्हा न्यायाधीश हसून मोकळे झाले होते, असे त्याने सांगितले. त्याचे मोडलेले नाक पूर्वीच मेलेल्या स्काइस्तान नावाच्या शेतकऱ्याने नरकात मोडले होते म्हणे, घोड्याच्या शेपटीचे केस गुंडाळलेल्या झाडूच्या दांड्याने.

नरकात हे लोक कशाला जात? तर चेटके धान्य आणि गुरांची बरकत चोरून सैतानाकडे नेत असत, ती परत आणायला. वेअरवुल्फ हे 'देवाचे कुत्रे' आहेत, सैतानाचे शत्रू आहेत आणि मेल्यावर त्यांचे आत्मे स्वर्गात जातात, हे थीसने न्यायाधीशांना परत परत ऐकवले. न्यायाधीश त्याला सैतानाशी झालेल्या कराराकडे ओढत राहिले आणि तो काही केल्या येईना. पळवलेली जनावरे कच्ची खाता का, या प्रश्नाला त्याचे उत्तर, नाही, भाजून खातो. पंजांनी कसे कापता? दातांनी तोडतो आणि काठीला लावून भाजतो. मीठ असते, भाकरी मात्र नसते. धर्मगुरूला बोलावून समजूत घालण्याचा प्रयत्न झाला तेव्हा, हे अजून पोरसवदा आहेत, यांच्यापेक्षा मला जास्त कळते, असे म्हणून त्याने पश्चात्तापास नकार दिला. 1692 मध्ये वरच्या न्यायालयाने फटके आणि हद्दपारी अशी शिक्षा दिली. जाळले नाही.

शेवरी, आपल्या मांडणीला हा खटला थोडा छेद देतो असे मला वाटते. वेअरवुल्फ हा न्यायालयाच्या प्रश्नांतून घडतो हे फ्रान्सपुरते खरे असेल, पण इथे आरोपीने स्वतःचा वेअरवुल्फ घरून आणलेला आहे आणि न्यायालयालाच तो पचत नाही.

शेवरी

जुनी_वही, हा छेद मान्य आहे आणि तो फार मोलाचा आहे. इटलीच्या फ्रिउली भागातील 'बेनान्दांती', म्हणजे पिकांच्या रक्षणासाठी रात्री आत्म्याने चेटक्यांशी लढणारे शेतकरी, यांच्यावरील 1966 च्या पुस्तकात इतिहासकार कार्लो गिन्झबुर्ग यांनी थीसला याच पंगतीत बसवले आणि ख्रिस्तपूर्व काळापासून चालत आलेल्या एका व्यापक श्रद्धेचा तो अवशेष आहे असे मांडले. धर्मांच्या इतिहासाचे अभ्यासक ब्रूस लिंकन यांना ते मान्य नाही. जर्मन जमीनदार आणि धर्मगुरू यांनी पिढ्यानपिढ्या दाबून ठेवलेल्या शेतकऱ्याने, आपल्यावरचाच आरोप उलटा फिरवून दिलेले ते प्रत्युत्तर आहे, असे त्यांचे मत. या दोघांनी 2020 मध्ये एकाच पुस्तकात हा वाद घातला, हे मला विशेष वाटते. माझा कल लिंकन यांच्याकडे आहे. बरकत कोण चोरतो, हा प्रश्न वेठबिगारीत राबणाऱ्या माणसाने विचारला तर त्याचे उत्तर फक्त पुराणात शोधून चालणार नाही.

मात्र त्याच प्रदेशात प्रश्नावलीचा विजयही झालेला आहे. 1651 मध्ये एस्टोनियातील इदावेरे येथे हान्स नावाच्या 18 वर्षांच्या मुलाने, आपण दोन वर्षे वेअरवुल्फ म्हणून शिकार केली आणि ते शरीर एका काळे कपडे घातलेल्या माणसाने दिले, असे सांगितले. न्यायाधीशांनी विचारले की शिकारीला तुझा देह जात होता की नुसता आत्मा? त्याने पायावरची कुत्र्याच्या दातांची खूण दाखवली, लांडगा असताना झालेली. मग, तेव्हा स्वतःला माणूस समजत होतास की पशू? पशू, असे तो म्हणाला. काळे कपडे घातलेला माणूस म्हणजे सैतान, हे न्यायाधीशांनी ठरवले आणि पोराला मृत्युदंड झाला. एस्टोनियातील नोंदींनुसार 1527 ते 1725 या काळात अशा 18 खटल्यांत 18 स्त्रिया आणि 13 पुरुष आरोपी होते. म्हणजे वेअरवुल्फ नेहमी पुरुषच असतो हा समजही तिथे टिकत नाही.

काढा_चूर्ण

थीसचे उत्तर वाचून मी माझ्या निदानांची पिशवी तात्पुरती बंद करतो. मीठ आहे पण भाकरी नाही, असे सांगणाऱ्या माणसाला कोणती गोळी द्यावी?

एक शंका आहे. पौर्णिमेची रात्र आणि चांदीची गोळी या खटल्यांत कुठेच कशी आली नाही?

जुनी_वही

या खटल्यांतल्या रूपांतराची साधने म्हणजे मलम, कातडे आणि पट्टा. चावा घेतल्याने दुसरा माणूस लांडगा होणे, पौर्णिमेला आपोआप रूप पालटणे, हे मुख्यतः विसाव्या शतकातल्या चित्रपटांनी रुजवलेले संकेत आहेत. ग्रेनिएने चंद्राचा उल्लेख केला आहे, पण तो उतरत्या चंद्राचा, आणि सोबत सोमवार, शुक्रवार, शनिवार असे वारही दिले आहेत.

माळरान

समारोपाला नव्हे, पण राहून जाऊ नये म्हणून आन्सबाखचा लांडगा सांगतो. 1685 मध्ये जर्मनीतील आन्सबाखजवळ एका लांडग्याने मुले मारायला सुरुवात केली आणि तो म्हणजे नुकताच वारलेला, लोकांना नकोसा झालेला नगराध्यक्षच आहे, अशी बोलवा उठली. लांडगा एका विहिरीत पडला आणि मारला गेला. मग लोकांनी त्याचे मुस्कट कापले, त्याला माणसाचे कपडे चढवले, चेहऱ्यावर नगराध्यक्षासारखा मुखवटा, दाढी आणि केसांचा टोप लावला आणि फाशीच्या खांबावर टांगले. इथे न्यायालय कुठेच नाही, आरोपी आधीच मेलेला आणि शिक्षा मात्र संपूर्ण विधींसह.

कोर्टकचेरी

याच्या तीनच वर्षे आधी, 1682 मध्ये, फ्रान्सच्या चौदाव्या लुईने फर्मान काढून जादूला 'तथाकथित' ठरवले होते. शिक्षा उरली ती फसवणूक, विषप्रयोग आणि धर्माची विटंबना यांना. त्यामुळे 1764 ते 1767 या काळात दक्षिण फ्रान्सच्या जेव्होदाँ भागात एका श्वापदाने शंभराच्या आसपास माणसे मारली तेव्हा गावोगाव वेअरवुल्फचीच कुजबुज होती, मांदच्या बिशपने तो ईश्वरी कोप म्हणून पत्र काढले, राजाने आधी घोडदळ आणि मग स्वतःचा शिकारी पाठवला, पण लांडगा झाल्याबद्दल कोणावर फिर्याद गुदरायला त्या वेळच्या फ्रान्समध्ये कलमच उरले नव्हते.

तिरकस

ते सारे ठीक आहे. पण गार्निएने मुले मारली की नाही, यावर धागाकर्तीने अजून हो किंवा नाही म्हटलेले नाही.

शेवरी

एका मुलाच्या बाबतीत लोकांनी त्याला प्रत्यक्ष पाहिल्याचे निवाड्यात आहे, आणि तेव्हा तो माणसाच्याच रूपात होता. तेवढ्यापुरते मी 'बहुधा हो' म्हणेन. बाकीची मुले त्याने मारली, माळरान यांच्या लांडग्यांनी मारली, की वेगवेगळ्या गावांतली वेगवेगळी मरणे एका कबुलीत गोळा झाली, हे सांगण्यासारखे त्या निवाड्यात काही नाही.